कॉलेज संपलं, आता ही मुलं खेळतात कुठे?

तुम्ही लिहिलंय की तुमची मुलगी 2021 ते 2025 अशी चार वर्षं अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात होती. तिच्यामुळे तुम्हा दोघांना पुण्यात पहाटे उठून कॉलेजची आइस हॉकी बघायची सवय लागली, आणि आता तिचं शिक्षण संपलं तरी त्या मुलांचा लळा सुटत नाही. एनएचएलच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगच्या, बातम्यांत चार-पाच नावं दिसतात. बाकीची मुलं गेली कुठे, आणि त्यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी अ‍ॅन आर्बरजवळ राहते. 2003 पासून मिशिगनमधून बाहेर पडलेल्या प्रत्येक हॉकीपटूची नोंद ठेवते. पूर्वी वही होती, आता स्प्रेडशीट आहे. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला दोन ओळींत देता येणार नाही, जरा बसून लिहिते. आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि मैदान डोळ्यांपुढे येतं, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी एवढंच सांगते की इथून पुढे हॉकी म्हणजे बर्फावरची.

पहिला सल्ला हाच माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे. एखादा स्टार धरू नका, एका वर्षाची अख्खी टीम धरा. स्टारची बातमी तुम्ही न शोधताही तुमच्यापर्यंत येते. खरी गोष्ट कळते ती चौथ्या फळीत खेळणाऱ्या मुलाची, तिसऱ्या गोलीची, म्हणजे गोलरक्षकाची, आणि ज्याला कुणी ड्राफ्टमध्ये (एनएचएलच्या टीम पाळीपाळीने तरुण खेळाडूंचे हक्क निवडतात त्यात) घेतलंच नाही त्या डिफेन्समनची. एकाच ड्रेसिंग रूममधली पंचवीस-सव्वीस मुलं पाच वर्षांनी कुठे कुठे विखुरली हे बघितलं की व्यावसायिक हॉकी कशी चालते ते आपोआप समजतं.

तुमच्या सुदैवाने तुमच्या मुलीचं पहिलं वर्ष म्हणजे 2021-22 ची टीम. त्या एका टीममध्ये एनएचएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेले सात खेळाडू होते. 2021 च्या ड्राफ्टमधले पहिल्या पाचातले चौघे तिथेच: ओवेन पॉवर पहिला, मॅटी बेनियर्स दुसरा, ल्यूक ह्यूज चौथा, केंट जॉन्सन पाचवा. शिवाय मॅकी सामोस्केविच, ब्रेंडन ब्रिसन आणि जॉन बीचर. त्या फेब्रुवारीत बीजिंग ऑलिंपिकला एनएचएलने आपले खेळाडू पाठवले नाहीत, तेव्हा यातले चौघे कॉलेजचे वर्ग सोडून ऑलिंपिक खेळून आले. आणि तरीही 7 एप्रिल 2022 ला बॉस्टनमध्ये फ्रोझन फोरच्या, म्हणजे कॉलेज अजिंक्यपदाच्या शेवटच्या चार टीमच्या फेरीतल्या, उपांत्य सामन्यात डेन्व्हरने त्यांना जादा वेळेत 3-2 हरवलं. तुम्हाला तो सामना आठवत असणारच.

आता पुढचं बघा. आठवडाभराच्या आत पॉवर बफेलोकडून, बेनियर्स सिॲटलकडून, जॉन्सन कोलंबसकडून एनएचएलमध्ये उतरलेले होते. ल्यूक ह्यूज मात्र आणखी एक वर्ष कॉलेजात थांबला. बेनियर्सला 2023 मध्ये सर्वोत्तम नवोदिताचं काल्डर पारितोषिक मिळालं. बीचर प्रॉव्हिडन्सला, म्हणजे बॉस्टनच्या खालच्या टीममध्ये गेला आणि 2023 च्या ऑक्टोबरात मुख्य टीममध्ये आला. ब्रिसन हेंडरसनला, लास व्हेगासच्या खालच्या टीममध्ये गेला, मुख्य टीमसाठी थोडे सामने खेळला, आणि 2025 च्या मार्चमध्ये अदलाबदलीत न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. सामोस्केविच कॉलेजात दुसरं वर्ष खेळून मग शार्लटला, फ्लोरिडाच्या खालच्या टीममध्ये, एक अख्खा हंगाम घासला आणि 2025 च्या जूनमध्ये फ्लोरिडाबरोबर त्याने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, उचलला. सातही जण पहिल्या फेरीतले, पण वाटा किती निराळ्या!

आणि या सगळ्यांचा कॅप्टन होता निक ब्लँकनबर्ग. पाच फूट नऊ इंच उंचीचा डिफेन्समन, त्याला एकाही टीमने ड्राफ्टमध्ये घेतलेलं नव्हतं. कॉलेजचा हंगाम संपताच कोलंबसने त्याला करारबद्ध केलं, त्याच एप्रिलमध्ये तो एनएचएलमध्ये खेळला, आणि 2024 मध्ये नॅशव्हिलला गेला. तुम्ही फक्त ड्राफ्टची यादी हातात धरून बसला असता तर हा मुलगा तुमच्या नजरेतून सुटला असता.

आता शिडी समजून घेऊ. वर एनएचएल, 32 टीम. त्याखाली एएचएल, तिथेही 32, प्रत्येक एनएचएल टीमची एक. त्याखाली ईसीएचएल, तीसच्या आसपास टीम. त्याही खाली दक्षिणेतली एसपीएचएल. मी राहते तिथून या शिडीच्या वरच्या तिन्ही पायऱ्या गाडीच्या अंतरावर आहेत. पाऊण तास पूर्वेला डेट्रॉइट, रेड विंग्जचं मैदान, एनएचएल. दोन तास वायव्येला ग्रँड रॅपिड्स, तिथे ग्रिफिन्स, एएचएल. आणि दक्षिणेला तासाभरावर ओहायोतलं टोलीडो, तिथे वॉलाय, ईसीएचएल. तिन्ही टीम एकाच साखळीतल्या.

याच रस्त्यांवरून ल्यूक ग्लेंडेनिंग वर गेला. 2008 ते 2012 मिशिगनला, कॅप्टन, ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला. तो बाहेर पडला त्या शरदात एनएचएल मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे बंद होती. वरचे तरुण खेळाडू एएचएलमध्ये येऊन बसले आणि एएचएलमधल्या नवख्यांना आणखी खाली सरकावं लागलं. ग्लेंडेनिंग टोलीडोला खेळला. त्याच हंगामात ग्रँड रॅपिड्सला पोचला आणि 2013 च्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर काल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकला. त्या ऑक्टोबरात डेट्रॉइटच्या मुख्य टीममध्ये आला आणि 2021 पर्यंत तिथेच राहिला. मी त्याला यॉस्टमध्येही, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या रिंकमध्येही, पाहिलंय, टोलीडोतही, ग्रँड रॅपिड्सलाही आणि डेट्रॉइटलाही. चारही ठिकाणी तो तसाच खेळत होता. पक (खेळाची रबरी चकती) अडवायला आडवा पडणारा, फेस-ऑफ (पक टाकून खेळ सुरू होतानाची झटापट) जिंकणारा, गोल फारसे न करणारा. असा एक खेळाडू पायरीपायरीने बघायला मिळाला की टोलीडोतल्या कुठल्याही मुलाला तुम्ही ‘खालच्या पातळीचा’ म्हणणार नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकते, कारण आपल्याकडचे नवे प्रेक्षक हमखास त्यात अडकतात. एएचएलमध्ये पाठवलं म्हणजे मुलगा नापास झाला असं समजू नका. एनएचएलमध्ये खेळणाऱ्या दहांपैकी जवळजवळ नऊ जण कधी ना कधी एएचएल खेळून आलेले असतात. मिशिगनचाच काइल कॉनर घ्या. 2015-16 मध्ये अख्ख्या देशात कॉलेज हॉकीत सर्वाधिक गुण, म्हणजे गोल आणि असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) मिळून, त्याचे. पुढच्या वर्षी विनिपेगने त्याला वीसच सामने दिले आणि बाकीचा हंगाम मॅनिटोबाला, आपल्या एएचएल टीमकडे धाडलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्याने एनएचएलमध्ये 31 गोल केले. वीस वर्षांच्या मुलाला वर बाकावर बसवून ठेवण्यापेक्षा खाली रोज वीस मिनिटं खेळवणं टीमच्याही फायद्याचं असतं आणि त्याच्याही. झॅक वेरेन्स्की 2016 च्या वसंतात कॉलेजातून थेट क्लीव्हलंडच्या एएचएल टीममध्ये गेला आणि दोन-अडीच महिन्यांत काल्डर कप घेऊन आला. पुढच्या ऑक्टोबरात तो कोलंबसचा पक्का खेळाडू होता.

मग काळजी कधी करायची? करार कोणाशी आहे ते बघा. माझ्या तक्त्यात नावाच्या शेजारचा रकाना टीमचा नाही, कराराचा आहे. एनएचएल टीमशी करार असलेला मुलगा टोलीडोत खेळत असेल तरी उद्या फोन आला की तो थेट डेट्रॉइटला जाऊ शकतो. एएचएल टीमशी करार असलेला खेळाडू ग्रँड रॅपिड्सला कितीही चमकला तरी एनएचएल करार झाल्याशिवाय त्याला वर बोलावता येत नाही. आणि एका एनएचएल टीमला एका वेळी पन्नासच करार ठेवता येतात, त्यामुळे तो करार सहज मिळत नाही. ईसीएचएलचा करार त्याहून वेगळा: आठवड्याचा पगार, राहायला टीमने दिलेलं घर, आणि एएचएलमध्ये कुणी जखमी झालं की तात्पुरतं बोलावणं. हा एक रकाना भरलात तर निम्म्या बातम्यांचा अर्थ आपोआप लागेल.

पैशांचाही हिशेब एकदा डोळ्यांखालून घालाच. 2025-26 मध्ये एनएचएलचा किमान पगार वर्षाला 7,75,000 डॉलर आहे. हंगामाचे दिवस साधारण एकशे नव्वद, म्हणजे मुख्य टीममध्ये काढलेल्या एकेका दिवसाचे चार हजार डॉलर. पहिला करार दुहेरी असतो. तोच मुलगा खाली असताना त्याचा पगार वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे दिवसाला चारशेच्या घरात. ‘दोन दिवसांसाठी वर बोलावलं आणि परत पाठवलं’ अशी एका ओळीची बातमी दिसली की हा आकडा आठवा. त्या मुलाच्या घरी ते दोन दिवस काय असतील ते कळेल.

वर्षातले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून बसण्याचे आहेत, बाकी वेळ महिन्यातून एकदा बघितलं तरी चालतं. पहिला मोसम म्हणजे मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलचा मध्य. कॉलेजचा हंगाम संपला की दुसऱ्या दिवसापासून सह्या सुरू होतात. सगळ्यात गाजलेलं उदाहरण केल मकारचं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा हा मुलगा 2019 मध्ये होबी बेकर पारितोषिक, म्हणजे कॉलेजमधला सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवतो, 13 एप्रिलला अंतिम सामना हरतो, आणि 15 एप्रिलला कोलोरॅडोकडून थेट स्टॅन्ली कपच्या बाद फेरीत उतरून पहिल्याच सामन्यात गोल करतो. अठ्ठेचाळीस तासांचं अंतर.

पण या बातम्या वाचताना एक शब्द नीट बघा: करार ‘या हंगामापासून’ आहे की ‘पुढच्या हंगामापासून’. या हंगामापासून असेल तर एप्रिलमधला एक सामना खेळला तरी तीन वर्षांच्या कराराचं पहिलं वर्ष संपतं आणि चांगल्या पगाराचा दिवस एका वर्षाने जवळ येतो. म्हणून खेळाडूचा एजंट त्यासाठी अडून बसतो. पुढच्या हंगामापासून असेल तर तो मुलगा बहुधा ‘अ‍ॅमॅच्युअर ट्रायआउट’ या तात्पुरत्या करारावर एएचएलमध्ये काही सामने खेळतो. हे कराराचं तपशीलवार प्रकरण रुक्ष वाटेल, पण टीमला तो मुलगा किती हवा आहे याचा सगळ्यात खरा पुरावा तोच असतो.

या एप्रिलच्या सामन्यांची एक खूण सांगते, जी पडद्यावरही दिसते. नव्या टीमचा जर्सी आणि हेल्मेट मिळतं, पण हातमोजे इतक्या घाईत मिळत नाहीत. कित्येक वर्षांपूर्वी टोलीडोत मी काचेला लागून उभी होते. सामन्याआधीचा सराव चालू होता. वॉलायच्या जर्सीत एक मुलगा आमच्यापुढे येऊन थांबला, काठीच्या पात्यावरची काळी टेप त्याने अंगठ्याने टाचेपासून टोकापर्यंत दाबून नीट केली, आणि मला दिसले ते त्याचे हातमोजे: आपल्या मिशिगनचे, मक्याच्या दाण्यासारखे पिवळे आणि गर्द निळे. तीन आठवड्यांपूर्वी त्याच हातमोज्यांनी तो यॉस्टमध्ये सहा हजार लोकांपुढे खेळला होता. मी तेव्हा त्याचं नाव पाठीवर शोधलं नाही, हातांवरूनच ओळखलं. तुम्ही एप्रिलमध्ये एएचएल किंवा ईसीएचएलचा सामना लावलात तर आधी हातमोजे बघा.

दुसरा मोसम 15 ऑगस्टचा. चार वर्षं कॉलेज पूर्ण करणाऱ्या ड्राफ्ट झालेल्या खेळाडूवरचा टीमचा हक्क त्या दिवशी संपतो आणि तो कुणाकडेही जायला मोकळा होतो. हार्वर्डच्या जिमी वेसीने 2016 मध्ये हेच केलं. नॅशव्हिलने ड्राफ्ट केलेला, होबी बेकर जिंकलेला. नॅशव्हिलने नाइलाजाने त्याचे हक्क बफेलोला दिले, तरी तो थांबला आणि ऑगस्टमध्ये रेंजर्सकडे गेला. हे टाळायला टीम आधीच हक्क विकून मोकळ्या होतात. तुमच्या मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचा गोली एरिक पोर्टिलो आठवतो ना? तो बफेलोचा ड्राफ्ट होता. 2023 च्या मार्चमध्ये, तो अजून यॉस्टमध्ये खेळत असतानाच, बफेलोने त्याचे हक्क लॉस एंजलिसला दिले. मिशिगनच्याच रटगर मॅकग्रोर्टीचंही तसंच, विनिपेगचा हक्क 2024 च्या ऑगस्टमध्ये पिट्सबर्गकडे गेला. म्हणून ‘ड्राफ्ट केलेली टीम’ आणि ‘आज हक्क असलेली टीम’ असे दोन रकाने वेगळे ठेवा. एनएचएल आणि खेळाडू संघटनेचा नवा करार सप्टेंबर 2026 पासून लागू होतोय, तेव्हा हक्कांच्या मुदती त्या वेळी पुन्हा तपासून घ्या.

तिसरा मोसम माझा सगळ्यात आवडता, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. एनएचएलची शिबिरं संपतात, रोज सकाळी वगळलेल्यांच्या याद्या येतात. वरून दहा जण एएचएलमध्ये उतरले की एएचएलमधून दहा जण ईसीएचएलमध्ये उतरतात. धरणाचे दरवाजे उघडल्यासारखं आठवडाभर नावं खाली वाहत असतात. तुमच्या यादीतल्या हरवलेल्या नावांपैकी बहुतेक नावं या पंधरा दिवसांत सापडतात. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ईसीएचएलच्या सगळ्या टीमची यादी एकदा शांतपणे वाचून काढा. तासाभराचं काम आहे.

शोधायचं कुठे? रोजच्या कामाला मी इलीट प्रॉस्पेक्ट्स ही स्वीडिश साइट वापरते. प्रत्येक खेळाडूचं पान असतं, हंगामागणिक टीम आणि सामने. जुन्या खेळाडूंसाठी हॉकीडीबी चांगली. करारांसाठी पकपीडिया. आधी करारांची माहिती कॅपफ्रेंडलीवर असायची, पण ती साइट वॉशिंग्टन कॅपिटल्सने विकत घेतली आणि 2024 च्या जुलैत बंद झाली. माझ्या कितीतरी खुणा त्या साइटवर होत्या. त्यानंतर मी प्रत्येक गोष्ट स्वतःच्या तक्त्यात उतरवून ठेवते, तुम्हीही ठेवा. एएचएल आणि ईसीएचएल दोन्हींच्या अधिकृत साइटवर ‘ट्रान्झॅक्शन्स’ नावाचं पान असतं. कोणाला बोलावलं, कोणाला सोडलं, रोजच्या रोज. बातम्या नंतर येतात, ते पान आधी हलतं.

त्या पानाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मी एकदा मोजली आहे. एका मुलाला बघायला जानेवारीच्या बर्फात टोलीडोला गेले. सोबत भारतातून आलेली माझी आई. आत जाऊन बसलो, टीमची नावं पुकारली, तो नाहीच. त्या दिवशी दुपारीच त्याला ग्रँड रॅपिड्सला बोलावलं होतं आणि आम्ही टोलीडोच्या वाटेला लागलो तेव्हा तो अगदी उलट्या दिशेने निघाला होता. आई म्हणाली, “अगं, म्हणजे त्याचं चांगलंच झालं ना!” त्या शनिवारी आम्ही ग्रँड रॅपिड्सला गेलो आणि तो तिथे तिसऱ्या फळीत खेळला.

आकडे वाचताना गोल आणि असिस्टपेक्षा ‘सामने’ हा आकडा आधी बघा. एका हंगामात तीन टीम आणि सगळे मिळून चाळीस सामने दिसले तर समजा की कुणाच्या तरी दुखापतीवर त्याचं काम अवलंबून होतं. एकाच एएचएल टीममध्ये पासष्ट सामने आणि गुण पंधराच असले, तरी प्रशिक्षकाचा त्याच्यावर भरवसा आहे. गोलींचं गणित तर फारच वेगळं, कारण प्रत्येक टीमला दोघेच लागतात. मिशिगनचा शॉन हनविक, पाच फूट सात इंचांचा गोली, 2011 मध्ये टीमला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला होता. 2012 च्या एप्रिलमध्ये कोलंबसने त्याला राखीव गोली म्हणून घेतलं आणि हंगामाच्या शेवटच्या सामन्यात शेवटची अडीच मिनिटं खेळवलं. त्याच्या पानावर एनएचएल: एक सामना, अशी नोंद आहे. माझ्या तक्त्यात त्या एका ओळीला मी रंग दिलेला आहे.

उलट टोकाला टिम थॉमस. व्हर्माँट विद्यापीठाचा गोली, 1994 मध्ये 217 वा निवडलेला. फिनलंड, स्वीडन, खालच्या लीग असं जवळजवळ दशकभर फिरला. बॉस्टनचा पक्का गोली झाला तेव्हा एकतीस वर्षांचा होता, आणि 2011 मध्ये स्टॅन्ली कप व स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूचा मान दोन्ही त्याचे. त्याच व्हर्माँटचा, त्याच्याच वेळचा मार्टिन सेंट लुई ड्राफ्टमध्ये कुणाला नको होता. 2004 मध्ये तो एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू झाला. म्हणून मी तक्त्यातून एकही नाव काढत नाही, जोवर तो मुलगा स्वतः थांबलो असं सांगत नाही.

युरोपकडे वळलेल्या मुलांचा माग भारतातून उलट सोपा आहे. पंचविशी-सत्ताविशीला बरेच जण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन, ब्रिटन अशा ठिकाणी जातात. प्रत्येक लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते, त्यामुळे तिथे जागा मिळणं हीसुद्धा कमाईच. ब्रिटनमध्ये काही टीम खेळाबरोबर पदव्युत्तर शिक्षणाची सोय करून देतात आणि कॉलेजातून आलेल्या मुलांना ते सोयीचं पडतं. आणि वेळ बघा: हिवाळ्यात स्वीडनमधला संध्याकाळी सातचा सामना तुमच्याकडे रात्री साडेअकराला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सातचा सामना मात्र पहाटे साडेपाचला, आणि घड्याळं पुढे गेली की साडेचारला. एएचएल आणि ईसीएचएल दोन्ही फ्लोहॉकी या स्ट्रीमिंग सेवेवर पैसे भरून दिसतात. दोन्ही लीगचे सामने मुख्यतः शुक्रवार ते रविवार असतात, म्हणजे तुमच्यासाठी बहुतेक वेळा शनिवार-रविवारची सकाळ. चहाबरोबर होऊन जातं.

मुलींचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. मिशिगन विद्यापीठाची मुलींची अधिकृत हॉकी टीम नाही आणि याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. त्यामुळे मी ओहायो स्टेट, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटाच्या मुलींची नोंद ठेवते. पूर्वी हे काम मन मोडणारं होतं. कॉलेजात चमकलेल्या मुली दोन वर्षांत नोकरीला लागायच्या, 2019 मध्ये तर कॅनडाची एक लीग बंदच पडली. जानेवारी 2024 मध्ये पीडब्ल्यूएचएल ही मुलींची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि चित्र पालटलं. पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड झाली मिनेसोटा विद्यापीठाच्या टेलर हाइझीची, आणि तिच्या मिनेसोटा टीमने पहिले दोन्ही वॉल्टर कप, म्हणजे या लीगची विजेतेपदं, जिंकले. 16 मार्च 2024 ला बॉस्टन-ओटावा सामना डेट्रॉइटला झाला तेव्हा मी तिथे होते. 13,736 प्रेक्षक, माझ्या पुढच्या रांगेत आठ-नऊ वर्षांच्या मुलींची अख्खी टीम आपापल्या जर्सीत. 2025-26 मध्ये ही लीग आठ टीमची झाली आणि त्यांची यादी सांभाळायला अर्धा तास पुरतो. मुलींपासून सुरुवात केलीत तरी उत्तम.

भारतीय नावं शोधत असाल तर जुझार खैरा हे नाव लिहून ठेवा. ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी घरातला हा मुलगा 2012-13 मध्ये एक वर्ष मिशिगन टेक विद्यापीठात खेळला, म्हणजे आमच्याच राज्याच्या उत्तर टोकाला, आणि पुढे एडमंटनकडून एनएचएलमध्ये पोचला.

यापुढचं काम थोडं अवघड होणार आहे, तेही सांगते. 2025 च्या ऑगस्टपासून कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या मुलांना अमेरिकन कॉलेजात खेळायला परवानगी मिळाली. गॅव्हिन मॅकेना मेडिसिन हॅटची ज्युनियर टीम सोडून पेन स्टेटला आला तो याच बदलामुळे. कॉलेज बदलणंही आता सोपं झालंय. त्यामुळे ‘आपला मुलगा’ कोण, हे ठरवून घ्यावं लागेल. माझा नियम साधा आहे. एक अख्खा हंगाम जो यॉस्टमध्ये खेळला, तो माझ्या यादीत. मग त्याने पदवी कुठूनही घेवो.

एक मर्यादा मी कसोशीने पाळते. खेळ चालू आहे तोवर टीम, करार आणि सामने बघायचे. घर, लग्न, आजारपण, पुढची नोकरी यांच्या मागे जायचं नाही. तो थांबला की त्याच्या ओळीत शेवटच्या सामन्याची तारीख लिहायची आणि ओळ बंद करायची. 2024 च्या 29 ऑगस्टला बॉस्टन कॉलेजच्या जॉनी आणि मॅथ्यू गॉड्रो या दोघा भावांना न्यू जर्सीत सायकलवर असताना मोटारीने उडवलं आणि दोघंही गेले. बहिणीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. जॉनी एनएचएलचा मोठा स्टार, मॅथ्यू एएचएल आणि ईसीएचएलमध्ये खेळून मग शाळेतल्या मुलांना शिकवणारा. एकाच कॉलेजातून निघालेले दोघे. त्या दिवशी बातम्यांत जॉनीचे आकडे सगळीकडे होते. मॅथ्यूच्या रेडिंग आणि वुस्टरच्या हंगामांबद्दल त्याच्याबरोबर खेळलेली मुलं जे लिहीत होती, ते मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसले होते.

तर तुम्ही सुरुवात अशी करा. 2021-22 च्या टीमची पूर्ण यादी काढा, पॉवरपासून ते एकही सामना न खेळलेल्या मुलापर्यंत. सहा रकाने: नाव, कॉलेजची वर्षं, ड्राफ्ट केलेली टीम, आजचा हक्क, करार कोणाशी, सध्या कुठे. पहिल्यांदा भरायला दोन संध्याकाळी लागतील. मुलीलाही बसवा, तिला कोण कुठल्या वर्गात तिच्यासोबत होतं तेही आठवेल. जी नावं दोन्ही साइटवर सापडणार नाहीत ती मला कळवा. त्या टीमचा माझा तक्ता पूर्ण आहे, मी ताडून देईन.